आडनाव काय म्हणालात?

स्टेशनपासून पोर्तुगीज चर्चपर्यंत रमतगमत चाललं तरी पाऊण तास. पण वाटेतल्या पाट्या वाचत गेलात, तर प्रभादेवी आपल्याला आपल्याचबद्दल बरंच काही सांगते.

एक छोटीशी टेस्ट घेऊ? पश्चिम रेल्वेवर लोअर परळ आणि दादर यांच्या मधे जे स्टेशन आहे, त्याला तुम्ही काय म्हणता?

‘प्रभादेवी’ म्हणालात, तर तुम्ही एकतर पक्के इथले, नाहीतर मुंबईत नवीन. ‘एल्फिन्स्टन’ म्हणालात, तर तुमचा पास २०१८च्या आधीपासूनचा. मधला ‘न’ गाळून ‘एल्फिस्टन’ म्हणालात, तर घरातलं कुणीतरी नक्की गिरणीत होतं. आणि ‘ते कुठेसं आलं?’ असं विचारलंत, तर तुम्ही ड्रायव्हरच्या गाडीतून येणारे!

आमच्या ऑफिसात लंच टाइमला हा खेळ सॉलिड रंगतो. एका शब्दावरून माणसाचं गाव, घर, पगार, झालंच तर जातही ओळखायची. अंदाज बरोबर आला की टाळी. चुकला की म्हणायचं, ‘अरे, तू म्हणजे अपवाद आहेस यार!’ म्हणजे बघा, नियम चुकला तरी नियम शाबूत. अपवाद ठरतो तो समोरचा माणूस.

मी रोज याच स्टेशनवर उतरते. आणि रोज एक गंमत बघते. इथल्या रस्त्यांच्या पाट्यांवरची नावं कुणी म्हणजे कुणी वाचत नाही. माणसांची नावं मात्र सगळे अगदी बारकाईनं वाचतात. म्हटलं, एखाद्या शनिवारी उलटं करून बघू. पाट्या वाचत चालायचं. पायात स्पोर्ट्स शूज, हातात पाण्याची बाटली. चला तर मग.

दोन एल्फिन्स्टन, एक देवी

स्टेशनचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड. कोण हा एल्फिन्स्टन? बहुतेक मंडळी सांगतात, ‘तोच, कॉलेजवाला.’ तर नाही. कॉलेज ज्याच्या नावाचं, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. स्टेशन ज्याच्या नावाचं, तो त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळातला गव्हर्नर. आडनाव एक, म्हणून आपण दोन साहेबांचा एकच साहेब करून टाकला. गोऱ्यांनाही आपण सोडलेलं नाही!

जुलै २०१८ मध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. ही देवी म्हणजे प्रभावती. बिंब राजाची ही कुलदेवता, पुढे आक्रमणाच्या भीतीनं मूर्ती विहिरीत लपवली गेली आणि नंतर एका पाठारे प्रभू गृहस्थाला स्वप्नात दृष्टांत झाला, अशी आख्यायिका आहे. पौष पौर्णिमेला तिची जत्रा भरते. आकाशपाळणे, खाजा, बांगड्यांचे स्टॉल, सगळं. टॉवरच्या पंचविसाव्या मजल्यावरून पाळण्याचे दिवे दिसतात म्हणे.

नाव बदललं तेव्हा कुणाला आनंद झाला, कुणी नाकं मुरडली. आजही मीटिंगला कुणी ‘एल्फिन्स्टन’ म्हणालं की एक गट मनात म्हणतो, ‘बघा, इंग्रज गेले पण हे राहिले.’ ‘प्रभादेवी’ म्हणालं की दुसरा गट म्हणतो, ‘अच्छा, म्हणजे हे त्यातले.’ बिचाऱ्या माणसाला फक्त ९.१२ची स्लो पकडायची असते.

काचेखालचा धोटा

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलात की सेनापती बापट मार्ग आणि काचेचे टॉवर. बँका, ब्रोकरेज, कन्सल्टन्सी, लॉ फर्म. इथे ज्युपिटर मिल आणि एल्फिन्स्टन मिल होत्या. २००५ मध्ये ज्युपिटरची जमीन लिलावात गेली आणि कापसाच्या जागी काच आली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप तुमच्या-माझ्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेलच. पण त्याच्या खूप आधीची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये सगळ्यात बरा पगार साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणणाऱ्यांना. आणि या खात्याचं दार अस्पृश्य कामगारांना बंद होतं. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा विणकर तोंडानं ओढून बाहेर काढायचा. तो धागा दुसऱ्याच्या उष्ट्याचा झाला तर? म्हणून बाकीचे विणकर त्यांना शेजारी उभंच करत नसत. दलित कामगारांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात राबायचं. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला.

आता मजा बघा. म्हणजे मजा कसली. मालकाविरुद्ध लढताना हेच कामगार खांद्याला खांदा लावून उभे होते. पोटाची भूक एक, चाळ एक, भोंगा एक. तरीही एका धाग्यावरून ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ ठरत होतं. आणि समोरच्याला विणता येतं की नाही, हा खरा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं.

‘ते जुनं झालं हो, आता मेरिट चालतं!’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या दोन अभ्यासकांनी पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ४,८०० अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. काही नावं सवर्ण हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. सगळ्या कंपन्या खासगी, सगळे एचआरवाले सुशिक्षित. धोटा गेला, सीव्ही आला.

सयानी कोण?

टॉवर मागे टाकून सयानी रोडला लागा. या रस्त्यावर रवींद्र नाट्य मंदिर आहे. नाटकवेडी मंडळी इथे आयुष्यभर येतात. दुरुस्तीसाठी बंद होतं, ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. मी तिकीट खिडकीपाशी चार-पाच जणांना विचारलं, ‘सयानी कोण होते?’ एक काका म्हणाले, ‘कोणीतरी पारशी असणार.’ एक मुलगी म्हणाली, ‘बिल्डर?’

रहिमतुल्ला सयानी हे खोजा मुस्लिम वकील. १८८८ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर. आणि १८९६ मध्ये कोलकात्याला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. आता हे वाचून तुमच्या डोक्यात लगेच एक चित्र तयार झालं असेल. थांबा. याच १८९६च्या अधिवेशनात रवींद्रनाथ टागोरांनी ‘वंदे मातरम्’ गायलं होतं. अध्यक्षपदावर सयानी, गायला रवींद्रनाथ.

आणि आज सयानींच्या नावाच्या रस्त्यावर रवींद्रांच्या नावाचं नाट्यगृह उभं आहे. कुणी ठरवून केलेलं नसेलही. पण त्या गाण्यावरून कोण आपलं आणि कोण परकं याचे निकाल आपण चुटकीसरशी लावत असतो, तेव्हा ही पाटी वाचायला काय हरकत आहे?

पाटील, पण कुठले?

नाट्य मंदिरापासून सिद्धिविनायक हाकेच्या अंतरावर. मंगळवार असेल तर रांग कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. सोमवारी रात्री उपनगरांतून अनवाणी चालत निघालेली तरुण पोरं पहाटे इथे पोचतात. कानात इअरफोन, हातात जास्वंद. रांगेत कोण नाही? सीए, डिलिव्हरी बॉय, सिरियलमधली सून, नापास होण्याची धास्ती घेतलेला बारावीवाला.

हे देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ रोजी उभं राहिलं. बांधलं लक्ष्मण विठू पाटील यांनी आणि पैसे दिले देऊबाई पाटील यांनी. देऊबाई आगरी समाजातल्या. स्वतःला मूल नव्हतं, निदान इतर बायकांची तरी कूस उजवावी म्हणून त्यांनी देऊळ बांधवलं, असं सांगतात. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत आगरी बोली आली की आपण हसायला सुरुवात करतो, बोलणारा काय बोलतोय ते ऐकायच्या आधीच. अंगावर किती तोळे सोनं, हळदीला किती मोठा डीजे, यापलीकडे आपली माहिती जात नाही. आणि त्याच समाजातल्या एका बाईच्या पैशातून उभ्या राहिलेल्या देवळात आपण प्रमोशनसाठी नवस बोलतो. लय भारी!

देवळासमोरच्या रस्त्याचं नाव एस. के. बोले मार्ग. सीताराम केशव बोले. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी ठराव मांडला की सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. या ठरावाच्या आधारावर १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. रिक्षावाल्याला, सॉरी, इथे रिक्षा नाही, टॅक्सीवाल्याला आपण रोज ‘बोले रोड’ म्हणून सांगतो. कोण बोले, हे विचारत नाही.

पाटलांवरून आठवलं. आमच्या टीममध्ये एक पाटील आहे. सांगली जिल्ह्यातला. मराठी अशी की मेल लिहून घ्यायला सगळे त्याच्याकडे पळतात. गेल्या वर्षी तो ऑफिसजवळ वन रूम किचन शोधत होता. एका एजंटचा फोन मी स्पीकरवर ऐकलाय.

‘आडनाव काय म्हणालात?’

‘पाटील.’

‘अरे वा, पाटीलसाहेब! आपलीच माणसं. फ्लॅट तुमचाच समजा. टोकन कधी देताय? बरं, पूर्ण नाव?’

त्यानं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता. सांगलीकडे, कोल्हापूरकडे मुसलमान पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत. खानदेशात लेवा पाटील, रायगडात आगरी पाटील. एजंटला हे कुठून माहीत असणार?

‘काय आहे ना सर, मालक जरा वेगळ्या विचारांचे आहेत. मला काही प्रॉब्लेम नाही हं. मी तुम्हाला दुसरं दाखवतो.’

ते दुसरं काही आलं नाही. आणखी तीन ठिकाणी हेच. आता तो मीरा रोडहून येतो. सकाळच्या गर्दीत दादरला उतरतो, तिथून स्लो नाहीतर चालत. मी विचारलं, ‘राग नाही आला?’ तर म्हणाला, ‘एजंट गोड होता गं. आधीच्यानं फोनच ठेवला होता.’

यात ‘ते’ आणि ‘आपण’ असं सोपं वाटप नाही बरं का. मासे खाता म्हणून मराठी कुटुंबाला जागा नाकारणाऱ्या सोसायट्या याच शहरात आहेत, आणि त्याबद्दल तावातावानं बोलणारी आपली माणसं स्वतःचा फ्लॅट भाड्यानं देताना ‘फक्त आपल्यातलेच बघा’ असं एजंटला सांगतात. कायद्याचंही सोपं नाही. एका समाजापुरतं सभासदत्व ठेवायची मुभा सहकारी सोसायटीला असू शकते, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात दिला होता.

नावाचा फायदा, नावाचा तोटा

बोले मार्गावरून सरळ उत्तरेला चालत राहा. समोर पोर्तुगीज चर्च. मूळ चर्च १५९६चं, आत्ताची इमारत सत्तरच्या दशकातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. सिमेंटच्या त्या उंच निमुळत्या छपरांखाली दुपारीही छान गार वाटतं. पाच मिनिटं बसाच.

इथल्या जुन्या ख्रिश्चनांना आपण सर्रास ‘गोवन’ म्हणतो. त्यातले पुष्कळजण आहेत ईस्ट इंडियन, मुंबई-वसई-ठाण्याचे मूळ रहिवासी. घरात मराठीचीच एक बोली, स्वयंपाकात बॉटल मसाला. मग नाव ‘ईस्ट इंडियन’ का? कारण नोकऱ्या. एकोणिसाव्या शतकात गोवा-मंगळूरहून कॅथलिक मंडळी मुंबईत कामासाठी यायला लागली. सरकारच्या लेखी सगळे एकच. तेव्हा आपण वेगळे, इथले जुने आणि कंपनी सरकारचे आधीपासूनचे प्रजानन आहोत हे दाखवायला स्थानिकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. नाव घेतलं, गट झाला, ताकद आली.

म्हणजे गट ही काही वाईटच गोष्ट आहे असं नाही. एकट्या माणसाला या शहरात कोण विचारतो? साठच्या दशकात ‘मार्मिक’नं टेलिफोन डिरेक्टरीतून काढलेल्या आडनावांच्या याद्या छापल्या, कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती, ही तक्रार खोटी नव्हती. त्यातून त्याला आवाज मिळाला, हेही खरं. पण त्या यादीतल्या आडनावामागचा माणूस तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ट्रंक घेऊन आला होता का, कारकून होता की मॅनेजर, हे यादीत मावत नाही. यादीत फक्त आडनाव मावतं.

बरं, हे सगळं इतिहासामुळे होतं असंही नाही. हेन्री ताजफेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. पोलंडमधले ज्यू. घरचे बहुतेक सगळे नाझींनी संपवलेले. माणसं अशी का वागतात, या प्रश्नानं त्यांना सोडलं नाही. १९७०च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, ‘तू क्लेच्या गटात, तू कँडिन्स्कीच्या.’ खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही केलेली. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असा हिशोबही केला! ना जात, ना धर्म, ना भाषा, ना जुनं वैर. नुसतं लेबल. अँड्रॉइडवाले विरुद्ध आयफोनवाले हे भांडण ऑफिसात ऐकलंत, तर ताजफेल पटतील.

आणखी एक यादी

आडनावांची एक यादी या भागानं २०१७ मध्येही पाहिली. २९ सप्टेंबर, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. अचानक मोठा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या अरुंद पुलावर माणसं अडकली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. केईएम हॉस्पिटलमधून नावं बाहेर यायला लागली. मराठी, उत्तर भारतीय, शेट्टी, गुजराती, ख्रिश्चन, मुस्लिम. मुंबईतली कुठलीही लोकल त्या वेळी थांबवून नावं लिहून घेतली असती, तर अशीच यादी झाली असती. त्या दिवशी ती यादी वाचताना ‘आपले किती, त्यांचे किती’ असं कुणी मोजलं असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक जण एकच बघत होता. आपला माणूस कामावर पोचला का?

पुढे लष्करानं नवा पादचारी पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. गर्दी आजही तेवढीच.

‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपण काही सोडणार नाही. आपल्या आज्या विचारायच्या, आपण विचारतो, आपली मुलंही विचारतील. त्यात नुसती चौकशी असते, कधी आपुलकीही असते. पण हा पहिला प्रश्न आहे, निकाल नाही. त्याच्यापुढे दुसरा प्रश्न हवा. काम काय करता? गावाकडे कोण असतं? जेवलात का? आमच्या पाटीलला एकाही एजंटनं दुसरा प्रश्न विचारला नाही. विचारला असता, तर कळलं असतं की हा माणूस भाडं एक तारखेला देतो, दारू पीत नाही आणि सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला आधी त्यालाच पुढे करायला हवं, इतकं गोड बोलतो.

त्याला अजून जागा हवी आहे. प्रभादेवी, दादर, वरळी. वन रूम किचन, लिफ्ट नसली तरी चालेल. तुमच्या ओळखीत कुणी मालक असेल तर कळवा. आणि मालकांनी ‘आडनाव काय?’ विचारलं, तर सरळ सांगा, पाटील.

कसं जाल, काय बघाल?

पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी स्टेशन, फक्त स्लो गाड्या थांबतात. मेट्रो ३चं सिद्धिविनायक स्टेशन मे २०२५ पासून सुरू आहे. गाडी घेऊन येणार असाल तर लक्षात ठेवा, जुना एल्फिन्स्टन पूल पाडून नवा बांधण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केलाय. मंगळवार आणि अंगारकी टाळा, अर्थात गर्दीच बघायची असेल तर तोच दिवस पकडा. नाटक असेल तर रवींद्रचं तिकीट आधी काढा. भूक लागली की कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव, चुरा जास्त मागून घ्या. जत्रेसाठी पौष पौर्णिमेची तारीख कॅलेंडरवर बघून ठेवा. आणि पाट्या वाचा!